गाव, ढाणा आणि रीठ : मेळघाटातील लहान गावाची लोकसंख्या कशी वाचावी?

#थ्रेड #इतिहास #वऱ्हाड #मेळघाट

१/
चिखलदऱ्यापासून थोड्या अंतरावर वैराट नावाचे ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ११७८ मीटर उंचीवरचे हे ठिकाण मेळघाटातील सर्वांत उंच मानले जाते. पर्यटक तेथे सूर्यास्त पाहावयास जातात. समोर गवताचे विस्तीर्ण कुरण दिसते. त्या कुरणाच्या जागी काही वर्षांपूर्वीपर्यंत एक गाव होते, हे पाहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. व्याघ्र प्रकल्पाच्या पुनर्वसनात वैराटची वस्ती उठली. नाव उरले, घरे उरली नाहीत.

२/
अशा गावाची लोकसंख्या किती, या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘शून्य’ असे आहे. परंतु शून्य हाही एक आकडा आहे आणि प्रत्येक आकड्यामागे तो लिहिणारा कोणीतरी असतो. मेळघाटातील लहान गावांचा इतिहास अशा आकड्यांतून वाचता येतो. मात्र त्यासाठी दोन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात : ही जमीन कशी आहे, आणि सरकारी दप्तर ‘गाव’ कशाला म्हणते.

३/
प्रथम जमीन. ‘घाटांचा मेळ’ तो मेळघाट, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. सातपुड्याची गाविलगड ही रांग येथे पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. खडक बेसाल्टचा, म्हणजे दख्खनच्या पठाराचाच. रांगेच्या दक्षिण पायथ्याशी भूकवचातील एक मोठा विभंग आहे. त्यामुळे अचलपूर-परतवाड्याकडून पाहिले असता डोंगर सपाटीतून एकदम उभा राहिल्यासारखा दिसतो. खाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, खोल, कापसाची जमीन. वर उतारावरची पातळ माती. घाट चढण्यास तासभर लागतो, पण दोन्ही ठिकाणचे शेतीचे गणित सर्वस्वी निराळे आहे.

४/
पाण्याचीही येथे फाळणी होते. रांगेच्या उत्तर उतारावर पडणारा पाऊस सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार अशा नद्यांतून तापीला मिळतो. दक्षिण उतारावरचा पाऊस चंद्रभागा, शहानूर यांच्या वाटेने पूर्णेला जातो. पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. म्हणजे एकाच माथ्यावर पडलेले दोन थेंब दोन दिशांना जातात आणि शेकडो किलोमीटरचा फेरा करून पुन्हा एकत्र येतात.

५/
पाऊस भरपूर असला तरी उतारावर पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात ओढे आटतात आणि नदीपात्रातील डोह तेवढे उरतात. गावांची नावे पाहिली की वस्ती कोठे धरली गेली हे कळते. सेमाडोह, अल्लाडोह यांत डोह आहे. केलपाणीत पाणी आहे. पायथ्याच्या पायविहीरमध्ये विहीर आहे. गुल्लरघाटात वाट आहे. ज्या काळाची लेखी साधने हाती नाहीत, त्या काळाविषयी ग्रामनामे थोडेफार बोलतात. माणूस येथे आधी पाणी शोधून थांबला आणि शेत त्यानंतर आले, एवढे तरी त्यांवरून दिसते.

६/
थांबलेली ही माणसे प्रामुख्याने कोरकू. कोरकू भाषा ऑस्ट्रोआशियाई कुळातील मुंडा शाखेची आहे. तिच्या सख्ख्या बहिणी मुंडारी आणि संताळी या झारखंड-ओडिशाकडे, शेकडो किलोमीटर पूर्वेला बोलल्या जातात. मुंडा भाषांचे हे पश्चिम टोक होय. २०११ च्या जनगणनेनुसार देशात कोरकू भाषकांची संख्या सात लाखांहून अधिक होती. त्यांच्याशिवाय येथे गवळी, गोंड, निहाल, बलाई असे समाज आहेत. चिखलदऱ्याजवळचे मोथा हे गवळ्यांचे गाव. दूध आणि खवा ही पठाराची जुनी ओळख.

७/
कोरकू गावाची रचना सहज ओळखू येते. मधोमध सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या दोन ओळी. गावाचा मुठवा देव असतो, पूजेअर्चेसाठी भुमका असतो, कारभारासाठी पटेल असतो. मृतांच्या स्मरणार्थ कोरलेला लाकडी खांब उभारतात, त्याला ‘मुंडा’ म्हणतात. घरांची ओळ वाढून जागा अपुरी पडली की काही कुटुंबे थोड्या अंतरावर जाऊन नवी वस्ती करतात. ती वस्ती म्हणजे ‘ढाणा’. लोकांच्या दृष्टीने गाव हे असे आहे : माणसे, देव, पूर्वज आणि पाणी यांचा समुच्चय.

८/
सरकारी दप्तराचे गाव वेगळे असते. त्याला मौजा म्हणतात. मौजा म्हणजे हद्द आखलेला जमिनीचा तुकडा. त्यावर माणसे राहत असोत वा नसोत, मौजा कायम असतो. ओस पडलेल्या मौजाला जुन्या कागदांत ‘बेचिराग’ म्हणत, म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे गाव. विदर्भात त्यालाच ‘रीठ’ किंवा ‘रिठी’ गाव म्हणतात आणि जमिनीच्या व्यवहारात हा शब्द आजही भेटतो. जनगणनेच्या ग्रामयादीत अशी गावे ‘निर्जन’ म्हणून येतात : नाव आहे, क्षेत्रफळ आहे, लोकसंख्या शून्य. उलट, शंभर माणसांचा ढाणा कित्येकदा या यादीत स्वतंत्रपणे दिसतच नाही; त्याची माणसे मूळ गावाच्या आकड्यात मिसळून जातात.

९/
म्हणून मेळघाटात प्रश्न नेहमी दुहेरी विचारावा लागतो. येथे किती माणसे राहत होती? आणि त्यांच्या राहण्याला ‘गाव’ म्हणून कोणी नोंदले होते? सत्तांना प्रारंभी या दुसऱ्या प्रश्नात फारसा रस नव्हता. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधला, तो घाटावर नजर ठेवण्यासाठी. अकबराच्या काळात वऱ्हाड मोगलांकडे आले आणि ‘आइन-ए-अकबरी’त गाविल या सरकारची नोंद झाली. तेथेही किल्ल्याचे आणि त्यातील शस्त्रांना पाणी देण्याच्या झऱ्याचे कौतुक आहे. अशा नोंदींच्या केंद्रस्थानी किल्ला आणि महसूल असे, डोंगरातील झोपड्यांची ओळ नसे.

१०/
१५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने भोसल्यांकडून गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटचा कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याच्या पठारावर पोहोचला आणि पुढे तेथे थंड हवेचे ठिकाण उभे राहिले. पर्यटनाच्या पुस्तकांत याला चिखलदऱ्याचा ‘शोध’ म्हणतात. कीचकाचा वध करून भीमाने त्याला ज्या दरीत टाकले ती ‘कीचकदरा’, आणि वैराट ही विराट राजाची नगरी, ही स्थानिक आख्यायिका त्याहून जुन्या स्मृतीचा दावा करते. आख्यायिका हा पुरावा नव्हे. परंतु कॅप्टन येण्याआधी या जागेला नाव होते आणि ते नाव घेणारी माणसे होती, एवढे सांगण्यास ती पुरेशी आहे.

११/
१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १८६७ मध्ये वऱ्हाडची पहिली जनगणना झाली आणि १८७० मध्ये आल्फ्रेड लायल यांचे गॅझेटिअर निघाले. येथपासून डोंगरातली माणसे आकड्यांत येऊ लागली. त्यांतील दोन आकडे प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. १८९१ मध्ये मेळघाट तालुक्याची लोकसंख्या ४६,८४९ होती. १९०१ मध्ये ती ३६,६७० भरली.

१२/
दहा वर्षांत १०,१७९ माणसे कमी, म्हणजे जवळजवळ २२ टक्के घट. याच दशकात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. संपूर्ण वऱ्हाडची लोकसंख्या या काळात २८,९७,४९१ वरून २७,५४,०१६ वर आली. ही घट सुमारे ५ टक्के आहे. दुष्काळ एकच, प्रांत एकच, तरी डोंगरावरचा फटका सपाटीच्या चौपटीहून अधिक. खाली रेल्वे होती, बाजार होता, काळ्या जमिनीत ओल धरून राहत होती. वर पातळ माती, आटलेले ओढे आणि घाटाची वाट. भूगोल येथे थेट मृत्यूच्या आकड्यात उतरलेला दिसतो. त्यातले मेले किती आणि पोटासाठी घाट उतरून गेले किती, हे मात्र जनगणनेची बेरीज वेगळे करून सांगत नाही.

१३/
आता हाच आकडा गावाच्या पातळीवर आणून पाहावा. १९०१ मध्ये मेळघाट तालुक्याचे क्षेत्रफळ १,६३१ चौरस मैल होते, गावे ३१० होती आणि शहर एकही नव्हते. ३६,६७० ला ३१० ने भागले तर सरासरी गाव ११८ माणसांचे येते, म्हणजे वीस-पंचवीस घरांचे. गावांची संख्या तीच धरली तर दहा वर्षांपूर्वी हेच सरासरी गाव १५१ माणसांचे होते. प्रत्येक गावातून ३३ माणसे गेली. दोन ओळींच्या गावात एका ओळीतली निम्म्याच्या जवळपास घरे अंधारात गेली, असे चित्र डोळ्यांसमोर येते. मैलामागे वस्ती २२ माणसांची. सबंध वऱ्हाडची सरासरी १५५ होती.

१४/
याच काळात दप्तराने गावाचा आणखी एक प्रकार घडविला. १८६० च्या दशकापासून मेळघाटचे सागवान जंगल राखीव होऊ लागले. डोंगरउतारावर झाडोरा जाळून केली जाणारी फिरती शेती बंद करण्यात आली. पण राखीव जंगलालाही हात लागतात : सागवान तोडण्यास, रस्ते करण्यास, वणवा अडविण्यासाठी जाळरेषा काढण्यास. त्यासाठी वनखात्याने मध्य भारतात ठिकठिकाणी वनग्रामे वसविली, तशी ती मेळघाटातही वसली. राहण्यास आणि कसण्यास जमीन, बदल्यात खात्याच्या कामावर हजेरी. जमिनीची मालकी नाही. महसुली गावातल्या शेतकऱ्याचे नाव तलाठ्याच्या कागदात असे; वनग्रामातल्या कुटुंबाचे असणे खात्याच्या मर्जीवर असे.

१५/
म्हणजे जंगलातले प्रत्येक गाव ‘अनादि काळापासून’चे असते हे खरे नाही, आणि प्रत्येक गाव ‘अतिक्रमण’ असते हेही खरे नाही. काही गावे पाण्याने वसविली, काही खात्याने. फिरत्या शेतीच्या माणसाला एका जागी बसवून हजेरीपटावर घेणारे शासनच होते. पुढे त्याच जागी त्याचे बसणे अडचणीचे ठरले.

१६/
ती वेळ १९७४ मध्ये आली. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. १८६० च्या दशकात सागवानासाठी आखलेली रेषा आता वाघासाठी पक्की झाली. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे प्रथम हलविली गेली. त्यानंतर वैराट, पस्तलाई, अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी यादी वाढत गेली. अनेक कुटुंबे अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्याच्या सपाटीवर उतरली. प्रति कुटुंब १० लाख रुपयांची मदत होती. २०२१ मध्ये ती १५ लाख झाली. उठलेल्या गावांच्या जागी गवत आले, गवताबरोबर सांबर-चितळ आले आणि त्यांच्यामागे वाघ. वनखात्याच्या दृष्टीने हे यश आहे आणि ते खोटे नाही. शाळा, दवाखाना, रस्ता जवळ आला म्हणून समाधानी असलेली कुटुंबेही आहेत. पण मुंडा आणि मुठवा मागे राहिले, आणि डोंगरातला माणूस कापसाच्या काळ्या जमिनीत नव्याने शेती शिकू लागला.

१७/
उरलेल्या गावांचे काय? २०११ मध्ये चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या सुमारे तीन लाख होती. १९०१ च्या मेळघाटाच्या तुलनेत ही आठपट वाढ आहे. डोंगर तेवढाच, माती तेवढीच. त्यामुळे पिके निघाली की कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी घाट उतरतात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. बाहेर गेलेली माणसे तेव्हा गावात दिसतात. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि त्या वर्षीची होळी १९ मार्चला होती. त्या संपूर्ण काळात जे कुटुंब बाहेर असेल, ते जेथे सापडेल तेथे मोजावे असा जनगणनेचा नियम आहे. म्हणजे लहान गावाचा आकडा काही अंशी कोणत्या महिन्यात दार ठोठावले यावरही ठरतो. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. त्याही वर्षी होळी त्यानंतरच येते.

१८/
हे सारे केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनग्रामांना महसुली गावे करण्याची तरतूद केली आणि जंगलावरील जुने हक्क मान्य केले. अनुसूचित जमातीच्या कुटुंबास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. जे त्या यादीत नाहीत, त्यांना त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनावर अवलंबून राहिल्याचे दाखवावे लागते. म्हणजे १९३० पर्यंत मागे जावे लागते. १९३० चा कागद कोणत्या झोपडीत सापडणार?

१९/
म्हणून कायद्याच्या नियमांनी पुराव्यांची एक यादी दिली आहे आणि ती इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावी. तीत गॅझेटिअर आहे, जनगणना आहे, नकाशे आणि वनखात्याचे कार्य-आयोजन आहे. त्याच यादीत विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थाने आहेत. गावातील वृद्धाने सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकतही आहे. महसुलासाठी आणि सागवानासाठी लिहिलेले कागद आज त्याच माणसांच्या हक्काचे साधन ठरतात. आणि लाकडी मुंडा, ज्याला कोणत्याही दप्तराने कधी विचारले नव्हते, तोही साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो.

२०/
पायथ्याच्या पायविहीर या लहान गावाने हे करून दाखविले. २०१२ मध्ये ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने उजाड टेकडीवर झाडे लावली, सीताफळ आणि तेंदूपानाचा कारभार हाती घेतला, आणि २०१४ मध्ये त्याला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. घरे शंभराच्या आसपास, पण ग्रामसभा जागी. गावाच्या आकड्याचा अर्थ गावाने स्वतः लिहिण्याचे हे उदाहरण आहे.

२१/
वैराटच्या कुरणात सूर्यास्त पाहताना म्हणून पायाखालीही पाहावे. एखाद्या गावापुढे लोकसंख्या शून्य लिहिलेली आढळली तर तीन प्रश्न विचारावेत. येथे कधी दिवा लागत होता? तो कशाने विझला : दुष्काळाने, आदेशाने की पोटाने? आणि दिवा नेणारी माणसे आता कोणत्या गावाच्या आकड्यात मोजली जातात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारे वृद्ध आज अकोटच्या सपाटीवरच्या नव्या वस्त्यांत राहतात. त्यांची हकीकत लिहून घेतली तर ती इतिहासही होईल आणि पुरावाही.

(धागा समाप्त)